चालता वाडा

'वाडा' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चौसोपी घर, मधला चौक, तुळशीवृंदावन, नाहीतर सरळ पुण्याचा शनिवारवाडा! आमच्या चाकण भागात मात्र दिवाळी सरली की एक वेगळाच वाडा यायचा. त्याला भिंती नव्हत्या, दार नव्हतं, कुलूप तर नव्हतंच. पाच-सात कुटुंबं, पाच-सहाशे मेंढरं, दहा-बारा घोडी, चार कुत्री आणि घोड्यांच्या पाठीवर बांधलेला अख्खा संसार. एखाद्या घोड्यावर हंड्या-पातेल्यांच्या वर पाय बांधलेली कोंबडी बसलेली असायची आणि तिच्या शेजारी दोरीनं आवळलेलं दीड-दोन वर्षांचं पोर, डुलत डुलत झोपलेलं. धनगरांच्या बोलीत या चालत्या वस्तीलाच वाडा म्हणतात.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावावरून हा वाडा कधी ना कधी गेला असेल. मेंढरं रस्त्यातून बाजूला होईपर्यंत आपण एस.टी.त वैतागून बसलेल्या असतो. पण त्या पहिल्या घोड्याचा दोर धरून पुढे चाललेल्या बाईकडे आपल्यापैकी कितीजणींनी नीट पाहिलंय?

मी १९८३ साली लग्न होऊन या भागात आले. पिंपरी-चिंचवड तेव्हाच कारखान्यांचं गाव झालं होतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, बजाज, टेल्को, आणि १९८२ मध्ये तर महापालिकाही झाली. पण नाशिक रस्त्यानं मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की जग बदलायचं. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, जनावरांचा बाजार आणि संग्रामदुर्गाचा पडका तट. बाकी सगळी बाजरी-ज्वारीची रानं. बाजरी निघाली की रान रिकामं पडायचं आणि माझ्या सासूबाई रस्त्याकडे डोळे लावून बसायच्या. वाडा यायचा होता ना!

आमच्याकडे यायचा तो वाडा पारनेरच्या बाजूचा. पावसाळाभर ही मंडळी आपल्या कोरड्या माळरानावर राहायची. दिवाळीनंतर तिथलं गवत संपलं की निघायचं. शिक्रापूर, शेल पिंपळगाव, चाकण, तळेगाव, पुढे मावळ, आणि घाट उतरून खोपोली-कर्जतकडची भातखाचरं. तिकडे भात काढून झालेलं असतं, बांधावर हिरवा चारा असतो आणि शेतकऱ्याला खत हवं असतं. मे संपायच्या आत परत घाट चढायचा, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही. खूर कुजतात, लोकर भिजून जड होते, जनावर आजारी पडतं. ही दख्खनी मेंढी दिसायला काळी, खरखरीत, पण चालायला चिवट. पावसाच्या वेळापत्रकाला बांधलेली ही वाट कुणी कागदावर आखली नव्हती. पिढ्यानपिढ्या पायांनीच ती आखलेली.

रात्री मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं, आणि त्याबदली शेतकऱ्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे, असा हा रोकडा व्यवहार. ठराव व्हायचा तो वाड्याचा कारभारी आणि माझे सासरे यांच्यात, बांधावर उकिडवं बसून, विडी ओढत. खरा सौदा मात्र आमच्या मागल्या ओट्यावर चालायचा.

"आक्का, औंदा बाजरी बारीक हाय गं. पायलीला शीग पायजे."

"शीग देते, पण चार रात्री बसवशील? गेल्या साली तिसऱ्या रात्रीच उठून गेलीस."

ही दुसऱ्या बाजूची बाई म्हणजे वाड्यातली सगळ्यात थोरली. आम्ही सगळे तिला आजीच म्हणायचो, जरी त्या वेळी ती पन्नाशीचीही नसावी. उंच, हाडं दिसतील इतकी सडसडीत, कपाळावर भंडारा, पायात गाडीच्या टायरच्या चपला. तिचं आणि सासूबाईंचं घासाघीस करणं ऐकण्यासारखं असायचं. दोघी एकमेकींना 'आक्का' म्हणायच्या आणि दोघींनाही वाटायचं की आपणच जिंकलो!

मी नवी नवरी, कुतूहलानं बांधावर जाऊन बसायची. वाडा पडतो कसा, हे एकदा बघाच. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं, चारत चारत येतात. बायका घोडी घेऊन रस्त्यानं पुढे येतात. म्हणजे मुक्कामाला आधी पोचायचं ते बायकांनी. जागा उंचवट्याची आहे का, वारा कुठून येतो, पाणी किती लांब, हे बघून चुली कुठे मांडायच्या ते आजी ठरवायची. मग घोड्यांवरची ओझी उतरायची. आधी पोरं, मग कोंबड्या, मग आजारी कोकरं, मग भांडी. तीन दगड मांडून चूल पेटायची. दोघी-तिघी हंडे घेऊन विहिरीवर. बाकीच्या वाघूर लावायला. वाघूर म्हणजे दोऱ्यांची जाळी. खुंटे ठोकून ती गोल ताणायची आणि मेंढरं आली की आत घ्यायची. शिवाय चालून न आलेली लहान कोकरं त्यांच्या त्यांच्या आयांना लावायची. अंधारात, दीडशे आया आणि दीडशे कोकरं एकाच वेळी ओरडत असताना, कुठलं कुणाचं हे आजी नुसत्या आवाजावरून सांगायची. मला त्या आवाजात डोकं धरून बसावंसं वाटायचं!

आणि पहाटे चांदणी असतानाच हे सगळं उलट क्रमानं पुन्हा घोड्यावर. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. चहाच्या पातेल्यापासून वाघुरीपर्यंत सगळं आवरून पहिलं घोडं चालू लागायला पाऊण तास. आपल्याला दोन दिवसांसाठी माहेरी जायचं तर बॅग भरायला अर्धा दिवस लागतो.

अमेरिकेतल्या काऊबॉयचे सिनेमे आपल्याकडेही लोकांनी आवडीनं पाहिले. टोपी, घोडा, धुळीतून चाललेले हजारो बैल. ती काटक माणसं त्या देशाची दंतकथाच होऊन बसली. पण गंमत अशी की टेक्सासमधून गुरं हाकत उत्तरेकडच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचा तो प्रकार फार तर वीस-पंचवीस वर्षं चालला. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या अॅबिलीनला गुरांचा मोठा बाजार सुरू झाला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि बघता बघता मोकळ्या रानाला कुंपणं पडली. रेल्वे आणखी पुढे सरकली, १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात लाखो गुरं मेली. खेळ आटोपला. एवढ्या थोड्या वर्षांवर इतकी पुस्तकं, इतके सिनेमे! आमचे वाडे त्याच्या कितीतरी आधीपासून चालताहेत आणि अजून पुरते थांबलेले नाहीत.

त्या गोष्टीतला एक बारीकसा तपशील मला फार आवडतो. गुरांच्या कळपाबरोबर स्वयंपाकाची एक गाडी असायची. चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकानं १८६६ मध्ये ती पहिल्यांदा तयार केली. पीठ, कॉफी, भांडी, औषधं, अंथरुणं, सगळं त्या गाडीत. गाडी कळपाच्या पुढे जायची, मुक्कामाची जागा धरायची, चूल पेटवायची. आणि ती चालवणाऱ्या आचाऱ्याला साध्या काऊबॉयपेक्षा जास्त पगार मिळायचा! कारण त्याच्याशिवाय बाकीची माणसं एक आठवडाही टिकली नसती, हे मालकाला कळत होतं. आता आमच्या वाड्यातल्या बायका आठवा. त्याच कामात वर पाणी, सरपण, कोकरं, पोरं, बाजारहाट आणि बाळंतपणं धरा. आणि पगार?

बाळंतपणावरून सांगायलाच हवं. १९८७ साली माझं दुसरं बाळंतपण सासरी झालं, दिवाळीच्या आठवडाभर आधी. मी शेक-शेगडीत, डिंकाच्या लाडवांत, कान बांधून खाटेवर. पंधरा दिवसांनी वाडा आला तो आजीची धाकटी सून दिवस भरलेली घेऊनच. त्याच रात्री आमच्या गोठ्यात ती मोकळी झाली. आजीनंच सगळं केलं. सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या. मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाचवी पुजली आणि सहाव्या दिवशी वाडा हलला. ती पोर, असेल एकोणीस-वीस वर्षांची, झोळीत बाळ घेऊन घोड्याच्या मागे चालू लागली.

मी खिडकीतून बघत होते. "आजी, आणखी चार दिवस थांबा की," असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "मेंढरास्नी कुटला सव्वा महिना, बाय?"

वाड्याच्या काटकपणाची ही गोष्ट मी पुढे कितीजणींना सांगितली असेल! हळदीकुंकवाला, भिशीला. ऐकणाऱ्या सगळ्या 'बाई गं!' म्हणायच्या. आमच्या घरातले पुरुष तर त्यावरून आम्हाला टोमणेही मारायचे, "बघा, धनगराच्या बायका कशा चालतात, आणि तुम्ही!" पण गोष्ट तिथे संपत नाही. तिचा पुढचा भाग आजीनंच मला सांगितला, बऱ्याच वर्षांनी, तिची आमच्याकडची शेवटची खेप असेल तेव्हा.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. बसताना कण्हली. मी विचारलं तर आधी काही नाही म्हणाली. मग आवाज खाली करून बोलली. तिचं अंग बाहेर यायचं. पहिल्या दोन बाळंतपणांनंतरच सुरू झालं होतं. कापडानं गच्च बांधून ती चालायची, डोक्यावर हंडा, काखेत पोर. नऊ बाळंतपणं झाली. त्यातली पाच जगली. एक लेकरू घाटात तापानं गेलं, तर वाडा तिथे एक रात्रच थांबला. "कुटं ठेवलं ती जागा म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "दर साली तिथनं जाताना घोडं हळू करती." बस, एवढंच. रडली वगैरे नाही.

ती एवढी वर्षं डॉक्टरकडे का गेली नाही, असं विचारू नका. आज इथे, उद्या तिथे, कुठल्या दवाखान्यात जाणार? आणि सांगणार कुणाला? (जाता जाता सांगते, हा त्रास वाड्यातल्याच नाही तर आपल्यातल्याही कितीतरी जणी लपवून काढतात. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलली की तो बळावतो. व्यायाम, आत बसवायची रिंग, शस्त्रक्रिया असे इलाज आहेत. लाजू नका.)

तेव्हापासून कुणी 'काय काटक बायका हो!' असं म्हटलं की मला ते अर्धंच खरं वाटतं. काटकपणा होताच. लांडगा आला तर हातातल्या काठीनिशी अंधारात धावणारी ही बाई, आणि वर "त्याचाबी वाटा असतो," असं म्हणून एका कोकराचा हिशोब सोडून देणारी! पण तो काटकपणा निम्मा तिचा होता आणि निम्मा तिच्यावर लादलेला. कौतुक केलं की लादणाऱ्यांची सुटका होते.

देवाधर्मात मात्र धनगराच्या लेकीचा मान मोठा. जेजुरीला गेलात तर गड चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. खंडोबाची ही दुसरी बायको, धनगराची लेक. तिच्यासाठी देव तिच्या बापाच्या वाड्यात चाकर होऊन राहिला, मेंढरं राखली, अशी कथा आहे. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींच्या भांडणाच्या गाण्यांनी जागरणं रंगतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं (१९३४-१९९२) कितीतरी वर्षं या भागात फिरून धनगरांच्या ओव्या आणि कथा गोळा केल्या. त्यांचं बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावरचं पुस्तक १९७६ मध्ये जर्मन भाषेत निघालं. आपल्या दारावरून जाणाऱ्या वाड्याची किंमत हायडेलबर्गच्या माणसाला कळली.

आणि अहिल्यादेवी! ३१ मे १७२५ ला चौंडीला जन्मलेली धनगराघरची मुलगी पुढे होळकरांचं राज्य चालवते. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला तिचं नाव मिळालं, २०२५ मध्ये तिची त्रिशताब्दी जोरात साजरी झाली. फ्लेक्स लागले, मिरवणुका निघाल्या. त्याच जिल्ह्यातून निघालेल्या वाड्यातल्या बायकांना चाकणला हंडाभर पाणी कुठे मिळेल, हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

कारण चाकण आता ते राहिलंच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इथे मोठ्या कंपन्या यायला लागल्या. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या मागोमाग आणखी किती. आमच्या भागातल्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या, घरावर स्लॅब पडले, हे मी नाकारत नाही. आमचीही जमीन गेली, मोबदला आला, त्यातच मुलांची शिक्षणं झाली. पण जिथे बाजरीच्या धसकटात वाघूर लागायची तिथे आता सिमेंटची भिंत आणि भिंतीवर काटेरी तार आहे. ग्लिडनची तार शेवटी आमच्याकडेही पोचली म्हणायची! तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरची रांग तासन् तास हलत नाही. त्या रांगेच्या कडेकडेनं वाडा चालतो. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या भिंतीलगत मोकळ्या जागेत वाडा उतरला, तर सुरक्षारक्षकानं रात्री दहाला उठवलं. पेटलेल्या चुलीवर पाणी ओतून बायकांनी पुन्हा घोडी लादली.

उत्तरेकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणांचं पाणी आलं तसा ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. उघड्यावर झोपणाऱ्या मेंढपाळांची लेकरं त्यानं उचलल्याच्या बातम्या आपण वाचतो. आजीच्या काळचा लांडगा मेंढरू न्यायचा. आता वाड्यातल्या आया पोरांना मध्ये घेऊन, सभोवती सामान रचून झोपतात. लोकरीलाही भाव राहिला नाही. चिंचोक्यांची खळ दिलेली, पावसात आत थेंब न येऊ देणारी घोंगडी घ्यायला आता फार कुणी येत नाही. मेंढरू विकायचं ते फक्त मटणासाठी.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, हे मी आजीच्या नातीला सांगितलं. होय, तीच, आमच्या गोठ्यात जन्मलेली. आता चाळिशीला टेकली आहे. ती हसली. "म्हणजे औंदा रस्त्यात कुनी हाकलनार न्हाई व्हय?" असं विचारलं तिनं.

तिची मुलगी बारावी झाली. मामाच्या घरी राहून शिकली. आता चाकणमध्येच एका कारखान्यात कंत्राटावर आहे, भाड्याच्या खोलीत चौघी मिळून राहतात. ती मला म्हणाली, "काकू, आजी-पणजीचं सगळे कौतुक करतात. पण मला नाही व्हायचं काटक. मला संडास असलेलं घर पाहिजे." मला तिचं म्हणणं पटलं. वाड्यावरच्या मुलांना मुली मिळत नाहीत अशी त्या समाजात आता मोठी ओरड आहे. मुली का नाही म्हणतात ते या एका वाक्यात आलं. वाडा टिकला पाहिजे असं मलाही वाटतं. जमिनीला ते खत हवं आहे, माळरानाला ती मेंढरं हवी आहेत. पण तो टिकवायचा भार पुन्हा त्याच बायकांच्या कमरेवर टाकून नव्हे. मुक्कामाच्या वाटेवर पाण्याचे नळ, रात्रीपुरत्या राखलेल्या जागा, पोरांची शाळा, बायकांची तपासणी, एवढं तरी रस्ते रुंद करताना कुणाच्या नकाशात यायला नको का?

आमच्यापुरतं आम्ही थोडं केलं. गावात बचत गट आहे. त्यातल्या आठजणींनी ठरवलं की वाडा आला की रात्री कुणाच्या तरी बोअरची मोटर चालू ठेवायची आणि एका घरचं न्हाणीघर बायकांसाठी उघडं ठेवायचं. आमची उरलेली एकरभर जमीन मुलगा विकू म्हणतो, मी अजून सही दिलेली नाही. गेल्या कार्तिकात तिथे दोन रात्री मेंढरं बसली. ठराव नेहमीप्रमाणे बांधावर झाला, आता मोबाईलवर हिशोब करून. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा कारभाऱ्यानं हात पुढे केला. मी पैसे आजीच्या नातीच्या हातात दिले. कारभारी जरा गोंधळला, मग हसला. तिनं नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि वाघुरीचे खुंटे ठोकायला गेली. मेंढरं टेकाडावर दिसायला लागली होती.